जलद न्यूटनीय दुर्बिणीसाठी कोमा-निवारक भिंगाची निवड

दोषाचे स्वरूप

आकाशाच्या छायाचित्रात प्रत्येक तारा लहानशा गोल बिंदूसारखा उमटावा, ही निरीक्षकाची पहिली अपेक्षा असते. न्यूटनीय परावर्तक दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्राच्या मध्यभागी ही अपेक्षा बहुधा पुरी होते. परंतु चित्राच्या कडेकडे दृष्टी वळविली म्हणजे निराळेच दृश्य दिसते. मध्यापासून जसजसे दूर जावे तसतसा प्रत्येक तारा लांबट होत जातो. त्याचे एक टोक निमुळते व तेजस्वी असते, तर दुसरे पसरट व फिकट असते. तेजस्वी टोक चित्राच्या मध्याकडे आणि पसरट शेपूट बाहेरच्या बाजूस, अशी रचना चारही कोपऱ्यांत आढळते. जणू लहान लहान धूमकेतूंचा थवाच मध्याकडे तोंड करून उभा आहे असा भास होतो. ह्या साम्यावरूनच ह्या दोषास ‘कोमा’ हे नाव पडले. हा शब्द ‘केस’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला असून धूमकेतूच्या गाभ्याभोवतीच्या तेजोमय आवरणासही तेच नाव आहे.

हा दोष केवळ शोभेला बाध आणणारा नव्हे. लघुग्रहाचे किंवा धूमकेतूचे स्थान शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भाने मोजले जाते. ताऱ्याची प्रतिमा एका बाजूस पसरली की तिचा प्रकाशमध्य खऱ्या स्थानापासून बाहेर सरकतो. तेजस्वी ताऱ्याची शेपूट चित्रात स्पष्ट उमटते. मंद ताऱ्याची शेपूट आकाशाच्या पार्श्वभूमीत बुडून जाते. त्यामुळे दोघांच्या स्थानांतील चूक सारखी नसते, आणि अशी चूक गणिताने काढून टाकणे अवघड जाते. शिवाय कडेच्या मंद ताऱ्यांचा प्रकाश पसरल्यामुळे ते दिसेनासे होतात. नव्या धूमकेतूच्या शोधात असलेल्या निरीक्षकास तर कडेचा साधा ताराही धूमकेतूसारखा दिसून चकवितो.

ह्या दोषावर उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या पुढे जे भिंग बसवितात त्यास कोमा-निवारक भिंग म्हणतात. चांगल्या निवारक भिंगाची किंमत पुष्कळदा लहान दुर्बिणीच्या किमतीच्या बरोबरीने जाते. शाळेला किंवा हौशी मंडळाला हा खर्च एकदाच परवडणारा असतो. म्हणून भिंग घेण्यापूर्वी दोषाचे कारण, त्याचे माप आणि भिंगाचे कार्य ही तिन्ही समजून घेणे अगत्याचे आहे.

दोषाचे मूळ

न्यूटनीय दुर्बिणीचा मुख्य आरसा अन्वस्ताकार असतो. अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला, ह्या वक्राचा गुण असा की अक्षाला समांतर येणारे सर्व किरण तो एकाच बिंदूत, नाभीत, आणून मिळवितो. म्हणून चित्राच्या मध्यावरील ताऱ्याची प्रतिमा निर्दोष असते. परंतु ह्याच वक्राच्या आकारात कोमाचे बीजही आहे.

उदाहरणार्थ, २०० मिलिमीटर व्यासाचा आणि ८०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आरसा घेऊ. त्याच्या मध्यबिंदूपासून नाभीचे अंतर ८०० मिलिमीटर आहे. आरशाची कड मध्यापेक्षा सुमारे ३.१ मिलिमीटर उंच असते. अन्वस्ताच्या नियमानुसार कडेवरील बिंदूपासून नाभीचे अंतर तेवढ्यानेच वाढून ८०३.१ मिलिमीटर होते. म्हणजे आरशाच्या मधल्या भागाचे नाभीय अंतर ८०० आणि कडेच्या वलयाचे ८०३.१, असे समजावयास हरकत नाही.

तारा अक्षावर असता ह्या भेदाने काही बिघडत नाही. पण तारा अक्षापासून बाजूला असला म्हणजे आरशाचे प्रत्येक वलय त्याची प्रतिमा आपल्या नाभीय अंतराच्या प्रमाणात अक्षापासून दूर टाकते. मधला भाग ती थोडी जवळ टाकतो, कडेचे वलय थोडी दूर. शिवाय प्रत्येक वलय बिंदूऐवजी लहानसे वर्तुळ उमटविते; वलय जितके बाहेरचे तितके वर्तुळ मोठे व तितके बाहेर सरकलेले. अशी अनेक वर्तुळे एकावर एक पडून ६० अंशांच्या पाचरीत बसणारी आकृती तयार होते. तिचे टोक मध्याकडे व रुंद भाग बाहेर असतो. हाच कोमा होय.

दोषाचे माप

दुर्बिणीच्या नाभीय अंतरास आरशाच्या व्यासाने भागले म्हणजे नाभी-गुणोत्तर मिळते. वरील आरशाचे गुणोत्तर ४ असून ते एफ/४ असे लिहितात. हा आकडा लहान असेल तितका पसरट वस्तूचा प्रकाश कॅमेऱ्यावर अधिक तीव्र पडतो व कमी वेळात चित्र उमटते. म्हणून एफ/५ किंवा त्याहून लहान गुणोत्तराच्या दुर्बिणींना जलद दुर्बिणी म्हणतात. तेजोमेघ व दीर्घिका ह्यांच्या छायाचित्रणास त्या फार सोयीच्या असतात. परंतु ह्या सोयीची किंमत कोमाच्या रूपाने द्यावी लागते.

कोमाची लांबी काढण्याचा नियम सोपा आहे. प्रतिमेचे अक्षापासूनचे अंतर ३ ने गुणावे आणि गुणोत्तराच्या वर्गाच्या १६ पटीने भागावे. अक्षापासून १० मिलिमीटर अंतरावर ह्या नियमाने पुढील आकडे मिळतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एफ/३ : २०८ मायक्रॉन
एफ/४ : ११७ मायक्रॉन
एफ/५ : ७५ मायक्रॉन
एफ/६ : ५२ मायक्रॉन
एफ/८ : २९ मायक्रॉन

ह्या आकड्यांवरून दोन गोष्टी लक्षात येतात. गुणोत्तर निम्मे केले की त्याच अंतरावरील कोमा चौपट होतो. तसेच, दुर्बीण मोठी की लहान ह्याचा ह्या लांबीशी संबंध नाही. गुणोत्तर आणि अक्षापासूनचे अंतर ह्या दोन राशीच तिला ठरवितात.

ही लांबी मोठी की लहान हे ठरविण्यास तुलना हवी. वातावरणाच्या चलबिचलीमुळे ताऱ्याची प्रतिमा सामान्य रात्री सुमारे ३ कोनीय सेकंद पसरते. ८०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीत हा विस्तार सुमारे १२ मायक्रॉन होतो. एफ/४ आरशाचा कोमा अक्षापासून अवघ्या १ मिलिमीटरवर तेवढा होतो. कोमाचा बराचसा प्रकाश टोकाजवळ एकवटलेला असल्याने डोळ्यास दोष थोडा पुढे गेल्यावर जाणवतो, तरीही निर्दोष क्षेत्र किती लहान आहे हे ह्यावरून कळून येईल.

निवारक भिंगांचा पूर्वेतिहास

आयझॅक न्यूटन ह्यांनी १६६८ साली पहिली परावर्तक दुर्बीण तयार केली. तिचा धातूचा आरसा गोलीय होता. जॉन हॅडली ह्यांनी १७२१ साली रॉयल सोसायटीपुढे सुमारे ६ इंच व्यासाची अन्वस्ताकार आरशाची दुर्बीण मांडली. तिचे गुणोत्तर १० च्या आसपास होते, आणि नेत्रिकेतून क्षेत्राचा मध्यच पाहावयाचा असल्याने कोमाची अडचण फारशी भासत नसे. छायाचित्रणाची कला आकाशाकडे वळल्यावर परिस्थिती बदलली. अँड्र्यू कॉमन ह्यांनी १८८३ साली ३६ इंची परावर्तकाने मृगाच्या तेजोमेघाचे प्रसिद्ध छायाचित्र घेतले. तीच दुर्बीण पुढे क्रॉस्ली दुर्बीण ह्या नावाने अमेरिकेतील लिक वेधशाळेत गेली आणि जेम्स कीलर ह्यांनी १८९८ ते १९०० ह्या काळात तिच्याने तेजोमेघांची छायाचित्रे घेतली. तिचे गुणोत्तर ५.८ होते.

अधिक मोठे व अधिक जलद आरसे होऊ लागले तेव्हा छायाचित्रकाचेचा उपयुक्त भाग आक्रसू लागला. पालोमार पर्वतावरील २०० इंची हेल दुर्बिणीचे १९४८ साली लोकार्पण झाले. तिच्या मुख्य आरशाचे गुणोत्तर ३.३ आहे. वरील नियमाने हिशेब केल्यास अक्षापासून अवघ्या १ कोनीय मिनिटावर कोमा सुमारे १ कोनीय सेकंद होतो. चंद्रबिंबाच्या त्रिज्येइतक्या, म्हणजे सुमारे १५ मिनिटांच्या, अंतरावर तो १५ सेकंदांहून अधिक होईल. एवढ्या खर्चाच्या दुर्बिणीने आकाशाचा इतका लहान तुकडा टिपावा हे परवडणारे नव्हते.

हा प्रश्न यर्क्स वेधशाळेतील फ्रँक रॉस ह्यांनी हाती घेतला. आरशांचा कोमा घालविणाऱ्या भिंगरचनांवरील त्यांचा लेख १९३५ साली प्रसिद्ध झाला. त्यांची कल्पना अशी की नाभीच्या किंचित अलीकडे एक बहिर्गोल व एक अंतर्गोल भिंग जोडीने बसवावे. दोघांची शक्ती एकमेकांस जवळजवळ रद्द करते, म्हणून किरणांचे रंगांत विघटन फारसे होत नाही. परंतु भिंगांचे वक्र असे योजलेले असतात की त्यांच्यामुळे आरशाच्या कोमाइतकाच पण उलट दिशेचा कोमा उत्पन्न व्हावा. दोन दोष एकमेकांस खाऊन टाकतात आणि प्रतिमा गोल राहते. हेल दुर्बिणीच्या मुख्य नाभीवर रॉस ह्यांची भिंगे वापरली गेली. पुढे इंग्लंडमधील चार्ल्स विन ह्यांनी तीन व अधिक भिंगांच्या सुधारित रचना मांडल्या. अन्वस्ताकार आरशासाठी त्यांची तीन भिंगांची विस्तृत क्षेत्राची रचना १९७४ साली प्रसिद्ध झाली.

भारतातही हा प्रश्न दूरचा नाही. तामिळनाडूतील कावलूर येथील २.३४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीस १९८६ साली वेणू बाप्पू ह्यांचे नाव देण्यात आले. तिच्या मुख्य आरशाचे गुणोत्तर ३.२५ आहे. उघड्या मुख्य नाभीवर तिच्यातही १ कोनीय मिनिटावर सुमारे १ सेकंदाचा कोमा येणार हे गणितच सांगते. शाळेच्या गच्चीवरील एफ/४ दुर्बीण आणि कावलूरची दुर्बीण ह्यांना एकच नियम लागू आहे.

भिंगाची गरज केव्हा असते

पहिला प्रश्न कोणते भिंग घ्यावे हा नसून भिंगाची गरज आहे काय, हा असावयास हवा. त्याचे उत्तर गुणोत्तर आणि कॅमेऱ्यातील प्रकाशसंवेदकाचा आकार ह्यांवर अवलंबून असते. संवेदकाच्या कर्णाची निम्मी लांबी म्हणजे चित्राच्या कोपऱ्याचे अक्षापासूनचे अंतर.

लहान संवेदक, समजा ११.२ × ६.३ मिलिमीटरचा असेल, तर कोपरा अक्षापासून ६.४ मिलिमीटरवर असतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या एफ/८ दुर्बिणीत तेथील कोमा १९ मायक्रॉन होतो. सामान्य रात्रीची वातावरणाची पसरण तेथे २३ मायक्रॉन असते. अशा ठिकाणी निवारक भिंगावर खर्च करण्याचे कारण नाही. तोच संवेदक एफ/४ दुर्बिणीस जोडला तर कोपऱ्यातील कोमा ७५ मायक्रॉन होतो आणि तो नजरेआड करता येत नाही.

एपीएस-सी ह्या प्रचलित आकाराच्या संवेदकाची लांबी-रुंदी सुमारे २३.५ × १५.७ मिलिमीटर असून त्याचा कोपरा १४.१ मिलिमीटरवर येतो. एफ/४ वर तेथील कोमा १६५ मायक्रॉन, एफ/५ वर १०६ आणि एफ/६ वर ७३ होतो. ३६ × २४ मिलिमीटरच्या पूर्ण आकाराच्या संवेदकाचा कोपरा २१.६ मिलिमीटरवर असतो व एफ/४ वर तेथील कोमा पाव मिलिमीटरचा होतो. ह्या सर्व बाबतीत निवारक भिंग आवश्यक ठरते. अन्यथा चित्राच्या कडा कापून मधला भागच ठेवावा लागतो.

संगणकावर प्रतिमा सुधारण्याच्या रीती आज उपलब्ध आहेत व त्यांनी लांबट तारे काही अंशी गोल करता येतात. पण शेपटीत विखुरलेला मंद ताऱ्याचा प्रकाश एकदा पार्श्वभूमीत बुडाला की तो पुरतेपणी परत मिळत नाही. मोजमापासाठी घ्यावयाच्या चित्रात दोष मुळातच टाळणे श्रेयस्कर.

भिंगांचे प्रकार आणि वर्धन

हौशी निरीक्षकांसाठी मिळणारी निवारक भिंगे त्यांच्या वर्धनावरून तीन गटांत मांडता येतात.

पहिला गट वर्धन जवळजवळ १ ठेवणाऱ्यांचा. बाडर ह्या जर्मन संस्थेचे एमपीसीसी हे ह्या गटाचे परिचित उदाहरण. ही भिंगे हलकी व तुलनेने स्वस्त असतात आणि दुर्बिणीचे गुणोत्तर जसेच्या तसे राहते. परंतु दोन भिंगांच्या साध्या रॉस-रचनेत एक तडजोड असते. कोमा घालविताना ती थोडे गोलीय विपथन निर्माण करते. म्हणजे कडेचे तारे सुधारतात, पण मध्याचे किंचित मऊ पडतात. गुणोत्तर लहान होत जाते तसा हा परिणाम झपाट्याने वाढतो. एफ/५ किंवा एफ/६ वर तो बहुधा खपून जातो. एफ/४ व त्याखाली, विशेषतः बारीक पिक्सेलच्या कॅमेऱ्यात, तो जाणवू लागतो. अधिक भिंगांच्या रचनांत ही उणीव पुष्कळ कमी झालेली असते.

दुसरा गट प्रतिमा किंचित मोठी करणाऱ्यांचा. टेलिव्ह्यू संस्थेचे पॅराकॉर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. त्याचे वर्धन १.१५ आहे. वर्धनाची मोकळीक घेतल्यामुळे रचनाकारास गोलीय विपथनही आवरता येते व मध्यभाग तीक्ष्ण राहतो. ह्याचे मोल वेळेत द्यावे लागते. ८०० मिलिमीटरची एफ/४ दुर्बीण ९२० मिलिमीटरची एफ/४.६ होते. १.१५ चा वर्ग १.३२, म्हणून पसरट तेजोमेघाच्या तेवढ्याच उजळ चित्रास सुमारे ३२ टक्के अधिक वेळ लागतो. आकाशाचे क्षेत्रही त्या मानाने लहान होते.

तिसरा गट प्रतिमा लहान करणाऱ्यांचा. ०.७५ वर्धनाचे भिंग एफ/४ दुर्बिणीस एफ/३ बनविते. क्षेत्र वाढते व पसरट वस्तूचा प्रकाश प्रत्येक पिक्सेलवर सुमारे पावणेदोन पट पडतो. हे आकर्षक दिसले तरी प्रतिमा स्पष्ट राहण्याची खोली फार कमी होते. हिरव्या-पिवळ्या प्रकाशात एफ/४ वर ती दोन्ही बाजूंस सुमारे १८ मायक्रॉन असते, एफ/३ वर केवळ १० मायक्रॉन. थंडी वाढून नळी किंचित आखडली तरी चित्र बिघडते. ज्यांची यांत्रिक जुळणी पक्की आहे अशांनीच ह्या गटाकडे वळावे.

कोणत्याही भिंगासोबत ते कोणत्या गुणोत्तरांसाठी योजले आहे हे दिलेले असते. एफ/४.५ च्या वरच्या दुर्बिणीसाठी केलेले भिंग एफ/३.५ वर वापरल्यास समाधान मिळणार नाही. खरेदीपूर्वी पाहावयाची ही पहिली नोंद होय.

नळीचा व्यास

निवारक भिंग संवेदकाच्या अलीकडे सुमारे ७५ मिलिमीटरवर असते असे धरू. एफ/४ दुर्बिणीत तेथे एका ताऱ्याच्या किरणशंकूचा व्यास ७५ भागिले ४, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर असतो. एपीएस-सी संवेदकाच्या सर्व कोपऱ्यांपर्यंत पूर्ण प्रकाश पोहोचावयाचा तर ह्यात त्याचा कर्ण, २८ मिलिमीटर, मिळवावा लागतो. एकूण ४७ मिलिमीटर. २ इंची, म्हणजे ५०.८ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या नळीत हे जेमतेम बसते. पूर्ण आकाराच्या संवेदकास मात्र १९ अधिक ४३, म्हणजे ६२ मिलिमीटर लागतात. २ इंची भिंगाने त्याचे कोपरे काळवंडतील. तेथे ३ इंची भिंग व तितकाच रुंद फोकसर हवा, आणि दुर्बिणीतील दुय्यम सपाट आरसाही पुरेसा मोठा हवा. मोठा संवेदक घेतल्याने खर्च केवळ कॅमेऱ्यापुरता वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे.

अंतराचे महत्त्व

निवारक भिंग चांगले असूनही निराशा पदरी पडते ती बहुतेक वेळा अंतराच्या चुकीमुळे. भिंग व संवेदक ह्यांतील अंतर रचनाकाराने ठरवून दिलेले असते. त्याहून ते कमी वा अधिक झाले तर कोमा पुरता जात नाही किंवा उलट दिशेचा कोमा उरतो. फोकसर पुढेमागे सरकविल्याने हे अंतर बदलत नाही, कारण भिंग व कॅमेरा एकत्रच सरकतात.

अनेक भिंगांसाठी हे अंतर ५५ मिलिमीटर ठरलेले आहे. ह्या आकड्याचा उगम जुन्या कॅमेऱ्यांत आहे. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात संवेदक तोंडापासून ४४ मिलिमीटर आत असतो. ११ मिलिमीटरचे जोडकडे लावले की ५५ होतात. निकॉनच्या एफ तोंडाच्या कॅमेऱ्यात ४६.५ अधिक ८.५, असे तेच ५५ होतात. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत संवेदक तोंडापासून २० मिलिमीटर किंवा त्याहूनही जवळ असतो. तेथे उरलेले अंतर कड्यांनी भरून काढावे लागते. काही भिंगांचे अंतर ७५ मिलिमीटर असते. म्हणून सवयीने ५५ धरू नये; भिंगासोबतचे पत्रक पाहावे.

भिंग व संवेदक ह्यांच्या मध्ये रंगगाळणी बसविली तर आणखी एक हिशेब लागतो. काच किरणांची नाभी तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने मागे नेते. तेवढे अंतर वाढवावे. समजा, खगोलीय कॅमेऱ्यात संवेदक तोंडापासून १७.५ मिलिमीटर आत आहे आणि गाळणी २ मिलिमीटर जाडीची आहे. तर ५५ अधिक ०.७ उणे १७.५, म्हणजे ३८.२ मिलिमीटरची कडी हवीत. गाळणीच्या चाकाची जाडीही ह्यातच मोजावी. ही मापे पट्टीने न घेता व्हर्नियर कॅलिपरने घ्यावीत. शेवटचा अर्धा मिलिमीटर पातळ चकत्या घालून साधावा.

अक्षजुळणी आणि कल

निवारक भिंग आरशाच्या अक्षाभोवती सममित असलेला कोमाच दूर करू शकते. आरशांची अक्षजुळणी चुकली असेल तर निर्दोष बिंदू चित्राच्या मध्यावर न राहता बाजूला जातो. मग एक कोपरा चांगला व समोरचा वाईट असे चित्र मिळते. ते दुरुस्त करणे भिंगाच्या हाती नाही. मुख्य आरसा, दुय्यम आरसा व फोकसर ह्यांचे अक्ष आधी जुळवावेत आणि मगच भिंग बसवावे.

संवेदकाचा कलही असाच घातक असतो. एफ/४ वर स्पष्टतेची एकूण खोली सुमारे ३५ मायक्रॉन, केसाच्या जाडीपेक्षाही कमी, असते. २३.५ मिलिमीटर रुंद संवेदक अवघ्या ५ कोनीय मिनिटांनी कलला तरी त्याच्या दोन बाजूंत एवढा फरक पडतो. म्हणून एका स्क्रूने दाबून धरणाऱ्या नळीपेक्षा आट्यांनी घट्ट बसणारी जोडणी पसंत करावी. फोकसर कॅमेऱ्याच्या वजनाने लोंबत असेल तर महागडे भिंग घेण्याआधी तोच बदलावा.

आणखी एक तपासणी खरेदीपूर्वी करावी. काही निवारक भिंगे नाभी थोडी आत किंवा बाहेर सरकवितात. फोकसर पुरता आत नेऊनही प्रतिमा स्पष्ट होत नसेल तर भिंगाचा उपयोग होणार नाही. तसेच भिंगाची नळी आरशाकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत शिरत असेल तर तेजस्वी ताऱ्यांच्या प्रतिमांत खाच पडते.

एका शाळेचा निर्णय

समजा, एका शाळेकडे २०० मिलिमीटर व्यासाची एफ/४ दुर्बीण व एपीएस-सी कॅमेरा आहे. विद्यार्थ्यांना तेजोमेघांची छायाचित्रे घ्यावयाची आहेत आणि लघुग्रहांची स्थानेही मोजावयाची आहेत. कोपऱ्यातील कोमा १६५ मायक्रॉन आहे, तेव्हा भिंगाची गरज निर्विवाद आहे. संवेदकाचा कर्ण २८ मिलिमीटर असल्याने २ इंची भिंग पुरेल. ०.७५ चे भिंग घेतल्यास शाळेच्या साध्या फोकसरवर कल आवरणे कठीण जाईल. तो गट वगळावा. आता निवड १ व १.१५ वर्धनांत उरते. स्थानमापनास मध्यापासून कडेपर्यंत सारख्या व गोल प्रतिमा हव्यात, म्हणून एफ/४ वर १.१५ चे भिंग, किंवा एफ/४ साठीच योजलेले अधिक भिंगांचे १ वर्धनाचे भिंग, योग्य ठरेल. दोन भिंगांचे साधे निवारक स्वस्त पडेल, पण ह्या दुर्बिणीच्या गुणोत्तरास ते अपुरे आहे. दुर्बीण एफ/६ ची असती तर तेच भिंग विनासंकोच घेता आले असते.

भिंग बसविल्यावर त्याची पारख करावी. चंद्र नसलेल्या रात्री आकाशगंगेतील दाट ताऱ्यांचा प्रदेश डोक्यावर असता १० ते ३० सेकंदांची काही चित्रे घ्यावीत. मध्य व चारही कोपरे मोठे करून शेजारी शेजारी ठेवावेत. चारही कोपरे सारखेच बिघडलेले असतील तर अंतर चुकले आहे. ते अर्ध्या मिलिमीटरने कमी-अधिक करून पुन्हा चित्रे घ्यावीत व जे अंतर उत्तम ठरेल ते नोंदून ठेवावे. एकच बाजू बिघडलेली असेल तर कल किंवा अक्षजुळणी तपासावी. मध्यही मऊ असेल तर फोकस पुन्हा साधावा. तरीही तसाच राहिला तर भिंग दुर्बिणीच्या गुणोत्तरास अनुरूप नाही असा संशय घ्यावा.

ह्या सर्व विवेचनाचे सार असे की निवारक भिंग स्वतंत्रपणे चांगले वा वाईट नसते. आरशाचे गुणोत्तर, संवेदकाचा आकार, दोघांमधील अंतर आणि जुळणीचा पक्केपणा ह्यांच्याशी ते जुळले तरच त्याचे मोल वसूल होते. हे चार आकडे कागदावर मांडून जो खरेदीस निघेल त्यास जाहिरातीवर विसंबावे लागणार नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १५० मिलिमीटर व्यासाच्या एफ/५ आरशाच्या कडेपासून नाभीचे अंतर किती?
२. त्याच दुर्बिणीत अक्षापासून १२ मिलिमीटरवर कोमाची लांबी किती?
३. भिंगाचे नेमलेले अंतर ५५ मिलिमीटर, संवेदकाची खोली १७.५ मिलिमीटर व गाळणीची जाडी ३ मिलिमीटर असता किती लांबीची कडी लागतील?
४. भिंगाशिवाय १० मिनिटांत मिळणारे तेजोमेघाचे चित्र १.१५ वर्धनाच्या भिंगाने तितकेच उजळ मिळविण्यास किती वेळ लागेल?
५. चित्राचे तीन कोपरे चांगले व एक वाईट असता प्रथम काय तपासावे, आणि का?

उत्तरे : (१) सुमारे ७५१.९ मिलिमीटर. (२) ९० मायक्रॉन. (३) ३८.५ मिलिमीटर. (४) सुमारे १३.२ मिनिटे. (५) संवेदकाचा कल व आरशांची अक्षजुळणी. अंतराची चूक असती तर चारही कोपरे सारखेच बिघडले असते.